काझी कमालुद्दीन यांचा मराठी तर्जुमा

नाशिकच्या कोर्टात सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. त्यात स्वतःचं एकही घातलं नाही. घातलं असतं तर नोकरी गेली असती. पदाचं नाव होतं भाषांतरकार. लोक मला ‘उर्दूबाई’ म्हणायचे. पट्टेवाला व्हरांड्यातून ‘उर्दूबाई, साहेबांनी बोलावलंय’ असं ओरडला की नवे पक्षकार बुरख्यातल्या कुणा बाईची वाट बघत. मग टिकली लावलेली, पाचवारी नेसलेली मी फाइल घेऊन उठले की त्यांचा गोंधळ व्हायचा.

याला कारण माझे वडील. ते बीडकडचे. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं आणि फारसी तर त्यांना तोंडपाठ होती. राज्य गेलं, भाषा राहिली. परवचा म्हणून झाला की ते मला पाटीवर अलिफ, बे गिरवायला लावायचे. ‘मुलीच्या जातीला याचा काय उपयोग?’ असं आई विचारायची. उपयोग असा झाला, की लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा कोर्टाला जुने कागद वाचणारं माणूस हवं होतं, आणि त्या जागेसाठी अर्ज एकच आला होता.

काम सांगायला सोपं. दाव्यात कुणी उर्दू किंवा फारसी कागद दाखल केला, की त्याचा मराठी तर्जुमा करायचा, खाली ‘मूळ कागदाबरहुकूम खरा तर्जुमा’ असं लिहून सही ठोकायची. तसं पाहिलं तर कोर्टात पाऊल टाकणारा प्रत्येक मराठी माणूस अर्धी फारसीच बोलत असतो. वकील, दावा, फिर्याद, तारीख, हुकूम, जामीन, नक्कल. पण ‘फारसी कागद’ म्हटलं की त्याच माणसाचा चेहरा बदलतो. जे वाचता येत नाही ते आपल्या फायद्याचंच असणार, अशी लोकांची पक्की समजूत असते. ही समजूत मोडायचा पगार मी घेत होते.

एकदा सुरगाण्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले. जीप, मग बस, मग चालत. बांबूच्या नळीत जपून ठेवलेला एक कागद त्यांनी माझ्यासमोर उलगडला. तीन पिढ्यांनी जपला होता. “राजाचा कागद हाय. जमिनीचा,” ते म्हणाले.

मी वाचला. एका हकिमाची उर्दूत छापलेली जाहिरात होती. खोकल्यावरचं चाटण.

“जमिनीचा नाही, आजोबा. औषधाचा आहे,” मी म्हणाले.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “औषध चांगलं हाय का?”

मी ‘हो’ म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा नळीत घातला आणि गेले. खात्याच्या दृष्टीने ते प्रकरण निकाली निघालं होतं.

पण ज्या कागदाबद्दल सांगायचं म्हणून हे लिहायला बसले तो निराळा. चाळीस पानांची एक पोथी होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा ती माझ्या टेबलावर आली.

सटाण्याच्या पुढे, बागलाणात, एका खेड्यात कमालबाबांचा दर्गा आहे. भोवती सात एकर जमीन. दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती करणाऱ्याला मुजावर म्हणतात. तो मान कोणाचा, यावरून दोन चुलतभावांत दावा लागला होता. थोरला सत्तारभाई, कांद्याचा टेम्पो चालवायचा. धाकटा हनीफ, बसवर कंडक्टर. दोघांचंही म्हणणं एकच, की आम्ही बाबांच्या रक्ताचे वंशज. फक्त प्रत्येकाच्या मते दुसरा जरा कमी रक्ताचा होता.

या बाबांची ख्याती कशासाठी, तर कोर्टकचेरीसाठी. पोटदुखीला, मूल होण्याला दुसरे दर्गे होते. तारीख असली की मात्र सटाणा-मालेगावकडचे लोक, हिंदू काय अन् मुसलमान काय, कमालबाबांना चादर चढवून मगच कोर्टाची पायरी चढायचे. याच दाव्यात साक्ष द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अहिराणीत ठासून सांगितलं, “बाबाले चादर चढाई ना साहेब, का निकाल आपलाच शे.”

साहेबांनी चष्मा काढला. “आणि दोन्ही बाजूंनी चढवली तर?”

“मंग ज्याना वकील चांगला त्याना.”

कोर्टात हशा पिकला. सत्तारभाई आणि हनीफ दोघंही त्या सकाळी चादर चढवून आले होते.

पोथी सत्तारभाईने दाखल केली. ती फारसीत होती. घरात पाच-सहा पिढ्यांत कुणाला ती भाषा येत नव्हती. दर गुरुवारी तिला लोबान दाखवायचा, डोळ्यांना लावायचं आणि परत बासनात बांधायचं, एवढंच वाचन. तेविसाव्या पानावर मोठ्या अक्षरांत काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं. ती सुलतानाची सनद आहे, असं घरात सांगत आले होते. सत्तारभाईचे वकील माझ्याकडे आले. “बाई, फक्त तेवीस नंबरचं पान करा. बाकीच्याची आपल्याला गरज नाही.”

ऐकीव गोष्ट खरी निघाली. पानावर खरंच सनद उतरवून घेतली होती. खानदेशच्या सुलतानाकडून काझी मौलाना कमालुद्दीन यांस, त्यांस व त्यांच्या वंशजांस, अमुक गावची जमीन इनाम. वकिलांना हवं होतं ते सगळं होतं. अडचण एवढीच होती की वाक्य तिथे संपत नव्हतं. पान उलटून पुढे जात होतं. माझ्या धंद्यात एक नियम आहे: वाक्य अर्धं सोडायचं नाही. मी पान उलटलं.

‘...अशी ही सनद आली, आणि उस्तादांनी ती आल्या पावली परत पाठवली.’

मी साहेबांना अर्ज केला, की मजकूर सलग आहे, तुकडा केल्यास अर्थ बदलतो. साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं.

“वाक्य संपतं कुठे, बाई?”

“तसं म्हटलं तर चाळिसाव्या पानावर, साहेब.”

“मग चाळीस पानं करा.”

अशा रीतीने मला काझी कमालुद्दीन भेटले. पुढचे सात-आठ महिने इतर कामं सांभाळून रोज दुपारी मी त्यांच्याबरोबर होते.

दर्ग्यातले कमालबाबा ते हेच. पोथी त्यांच्या एका शिष्याने लिहिलेली; तो त्यांना ‘उस्ताद’ म्हणतो. बाबा हवेत उडाले, बाबांनी भिंत चालवली, असं त्यात काहीही नव्हतं. होती ती एका कायदेपंडिताची नोकरी. एका विणकराच्या घरी जन्म. चौदाव्या वर्षी पायी गुजरातेत पाटणला गेले, तिथे बारा वर्षं फिक्ह शिकले. फिक्ह म्हणजे इस्लामी कायद्याचं शास्त्र: वारसा, लग्न, सौदे, साक्षी, विहिरीचं पाणी, शेजाऱ्याची भिंत. शिकून परत आले आणि लोकांना फतवे देऊ लागले. हल्ली हा शब्द ऐकला की माणसं दचकतात; पण फतवा म्हणजे मुळात कायदेशीर सल्ला. कुणी प्रश्न विचारायचा, पंडिताने उत्तर द्यायचं. पाळायचं की नाही, हे विचारणाऱ्यावर.

मग सुलतानाने त्यांना काझी, म्हणजे न्यायाधीश नेमलं. शिष्य लिहितो, ‘त्या दिवसापासून आमच्या घरी चांगलं खाणं बंद झालं.’ कारण उस्ताद कुणाचीही भेट घेईनात. एकदा वादीने तापीकाठची दोन खरबुजं आणून ठेवली. उस्तादांनी परत पाठवायला सांगितली. शिष्याने एक परत केलं, एक खाल्लं. उस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी ते प्रकरण दुसऱ्या काझीकडे पाठवलं आणि शिष्याला महिनाभर घराबाहेर काढलं. ‘खरबूज गोडसुद्धा नव्हतं,’ असं त्याने म्हातारपणी, तीस वर्षांनंतर लिहून ठेवलंय. राग गेलेला नव्हता.

एकदा एका भिंतीच्या वादात उस्तादांनी निकाल दिला. वर्षाने दुसरंच काही वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण चुकलो. दुसऱ्या दिवशी सहा कोस चालत ते हरलेल्या माणसाच्या घरी गेले. काझी दारात आलेला बघून तो माणूस मागच्या दाराने पळाला. आता छप्परही जातंय असं त्याला वाटलं. उस्ताद संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले आणि तो परतल्यावर त्याला म्हणाले, “भिंत तुझी होती.” हे लिहिताना मी पेन खाली ठेवला आणि पाणी पिऊन आले. आमच्याकडे अपिलाची सोय आहे, पण वरचं कोर्ट पायी येत नाही.

उस्तादांची नोकरी गेली ती एका मेलेल्या माणसामुळे. गुजरातेतला एक वाणी व्यापाराला आला आणि वाटेत वारला. मुलगा नाही. किल्लेदाराला त्याचा माल हवा होता, म्हणून त्याने काझीकडून ‘माल बेवारस’ असा फतवा मागितला. नुसता शिक्का मारायचा होता. उस्तादांनी लिहून पाठवलं: ‘मयत माझ्या कायद्यातला नाही. त्याचा वारस कोण हे त्याच्या जातीचे पंच सांगतील. तोवर मालाला हात लावायचा अधिकार मला नाही, आणि तुम्हालाही नाही.’ पंधरा दिवसांत काझीसाहेबांची तब्येत ठीक नाही असं बऱ्हाणपूरला सुलतानाच्या दरबारी कळवण्यात आलं. ‘उस्ताद तेव्हा ठणठणीत होते,’ शिष्य लिहितो. त्यांच्या जागी आलेल्या काझीने सगळ्यांना खूश करणारे निकाल दिले. त्यामुळे दोन वर्षांत कुणीच खूश राहिलं नाही, आणि कमालुद्दीनना पुन्हा बोलावणं आलं. सोबत ती सनद होती. उस्तादांचं उत्तर एका ओळीचं होतं: ज्याची जमीन खाईन त्याच्याविरुद्ध निकाल कसा देऊ? ते बोलावण्याला गेले नाहीत. बागलाणच्या त्या खेड्यात पोथ्या नकलून, पोरं शिकवून राहिले.

या काळात प्रत्येक तारखेला सत्तारभाई माझ्या टेबलाशी यायचा. तर्जुमा दाखल होण्याआधी पक्षकाराला मजकूर सांगायचा नाही, हा नियम त्याला ठाऊक होता. तो दाव्याबद्दल विचारायचाच नाही.

“बाई, एवढंच सांगा. माणूस कसा होता?”

“कडक होते,” मी म्हणायचे.

“अजून?”

एक दिवस मी त्याला खरबुजाची गोष्ट सांगितली. खरबूज काही वादाचा विषय नव्हता. सत्तारभाई इतका हसला की शिरस्तेदारांनी मान वर करून बघितलं. मग डोळे पुसत तो म्हणाला, “चाळीस वर्षं झाडू मारतोय तिथे. आज पहिल्यांदा ते कुणाशी बोलले असं वाटलं.”

त्यानंतर मला त्याच्याकडे बघवेना. कारण तोवर मी शेवटच्या दोन पानांपर्यंत पोचले होते.

एकोणचाळिसाव्या पानावर उस्तादांची अखेरची इच्छा होती. कबर जमिनीला सपाट ठेवा. वर काही बांधू नका. ‘आणि माझ्याकडे काही मागायला येऊ नका. जिवंतपणी दोन्ही बाजू समोर उभ्या असताना मी चुकलो. आता तर मला काही ऐकूही येणार नाही.’ चाळिसाव्यावर शिष्याने लिहिलं होतं: ‘उस्तादांनी लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा हुकूम मोडून मी चार दगड लावलेत, नाहीतर पावसाळ्यानंतर जागा सापडत नाही. झाडलोट मी करतो. माझ्यामागे माझी मुलं करतील.’

म्हणजे इनाम नाही, वंशज नाहीत, आणि दर्गाही नको होता. कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या दर गुरुवारी डोळ्यांना लावलेल्या पोथीने दाव्यातला एकेक आधार काढून घेतला होता. मी तर्जुमा पूर्ण केला, ‘मूळ कागदाबरहुकूम’ लिहिलं, सही केली आणि दाखल केला.

पुढच्या तारखेला चमत्कार झाला. दोन वर्षं एकमेकांच्या प्रत्येक शब्दाला हरकत घेणाऱ्या दोन्ही वकिलांनी मिळून एक अर्ज दिला: सदर पोथीवर कोणत्याही पक्षाची भिस्त नाही, ती परत मिळावी. साहेब अर्ज वाचून माझ्याकडे बघत म्हणाले, “बाई, या दाव्यात दोन्ही पक्षांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.” महिन्याभरात आपसांत तडजोडही झाली. एक वर्ष सत्तारभाई, एक वर्ष हनीफ. पोथी बासनात बांधून गावी गेली. माझा तर्जुमा फाइलमध्ये राहिला, आणि निकाली दाव्यांची फाइल ठरावीक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट होते तशी ती झाली. मला रुखरुख लागली. एवढा माणूस मराठीत आला, आणि साहेब-वकील सोडले तर कुणीही न वाचता गेला.

निवृत्त झाले त्या वर्षी सत्तारभाईचा निरोप आला: उरुसाला या, आणि घरच्या माणसांना पोथी मराठीत वाचून दाखवा. मी गेले. दर्ग्यावर आता सिमेंटचा घुमट होता, आत गुळगुळीत फरशी. सत्तारभाई थकला होता, एका डोळ्याने दिसत नव्हतं. दोन्ही घरांतली पंचवीसेक माणसं दाटीवाटीने बसली. मी मूळ पोथी समोर ठेवून सावकाश मराठीत सांगत गेले. खरबुजाला पोरं हसली. भिंतीच्या गोष्टीला बायकांनी पदर तोंडाला लावला. सनद परत केली म्हटल्यावर जरा चुळबुळ झाली, पण हनीफ म्हणाला, “शेर माणूस!” आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कबरीबद्दलची इच्छाही मी वाचली. सगळ्यांनी एकदा वर घुमटाकडे आणि एकदा खाली फरशीकडे बघितलं.

शेवटचं पान उलटलं. समोर दोन म्हातारी माणसं होती, त्यांची सुना-नातवंडं होती. बाबांचे वंशज म्हणून पंचक्रोशी ज्यांच्या पाया पडते ती.

“पुढे काय आहे?” हनीफने विचारलं.

“लिहिणाऱ्याची दुआ आहे. नेहमीचीच,” मी म्हणाले आणि पोथी मिटली.

आयुष्यात केलेला हा एकमेव खोटा तर्जुमा. तोही निवृत्तीनंतरचा, म्हणजे कारवाई होण्यासारखा नाही.

सत्तारभाई मला बसपर्यंत सोडायला आला. फाट्यावर कांद्याच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. तो एका ट्रॉलीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, तुमच्या तर्जुम्याची नक्कल मी त्याच साली काढली होती. कोर्टातून. शिक्क्यासकट.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“चौथीपर्यंत शिकलोय. आठ दिवस लागले वाचायला. शेवटचं पान चारदा वाचलं.” तो हसला. “म्हणून तर तडजोड केली. वकिलाला वाटलं त्याने केली. मी म्हटलं, सत्तार, तूही त्यांचा कुणी नाहीस, हनीफही नाही. मग भांडतोस कशावर?”

“आणि घरात?”

“घरात नाही सांगितलं. माणूस कसा होता ते त्यांना कळावं म्हणून तुम्हाला बोलावलं, पण शेवटचं पानही सांगाल अशी भीती होती. नाही सांगितलंत, बरं केलंत. मी आहे तोवर राहू द्या.”

बस आली. माझ्या तर्जुम्याचं शेवटचं पान एका माणसाने चारदा वाचलं होतं, आणि मला इतकी वर्षं पत्ताच नव्हता.

दोनेक वर्षांनी सत्तारभाई गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर हनीफचा फोन आला. आवाज वेगळा होता. “बाई, भाईच्या पेटीत तुमच्या सहीचे कागद सापडले. येता का?”

मी गेले. दर्ग्याच्या ओसरीत तो एकटाच बसला होता, एका बाजूला नक्कल, दुसऱ्या बाजूला पोथी. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्याने मागू दिली नाही.

“ते राहू द्या. आम्ही बाबांचे नाही, शिष्याचे आहोत, हे समजलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. आता जातं.” त्याने नक्कल माझ्यापुढे सरकवली. “पण या कागदांत शिष्याचं नाव कुठेच नाही. तुमच्याकडून गळलं का? बघा ना मूळ पोथीत. आमच्या खऱ्या आजोबाचं नाव आहे ते.”

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला आठवत होतं तरी पुन्हा बघितलं. चाळीसही पानं, समास, कडेच्या टिपा, बांधणीच्या आतली बाजू. दोन तास लागले. हनीफ तेवढा वेळ माझ्या बोटाकडे बघत होता.

“नाही,” मी म्हणाले. “त्याने लिहिलंच नाही.”

“चाळीस पानं लिहिली आणि नाव नाही?”

“नाही.”

हनीफने पोथी बासनात बांधली. मग मान हलवत म्हणाला, “मग तो आमचा कुणी लागत नसणार, बाई. आमच्यात नाव घातल्याशिवाय कुणी दर्ग्याला पंखासुद्धा देत नाही.”

मी वर बघितलं. पंखा जोरात फिरत होता, त्यामुळे पात्यावरचं नाव काही मला वाचता आलं नाही.